विजेचा भरवसा शेवटच्या खांबावर मोजा

खानदेश हा वीज निर्माण करणारा प्रदेश आहे, तसाच विजेची वाट पाहणाराही आहे. भुसावळजवळ दीपनगर येथे कोळशावर चालणारे औष्णिक केंद्र १९६० च्या दशकाच्या अखेरीस उभे राहिले. पुढे तेथे २१० मेगावॉटचे दोन आणि त्यानंतर ५०० मेगावॉटचे दोन संच बसले. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या परिसरात पवनचक्क्यांच्या रांगा आहेत आणि त्याच तालुक्यात शिवाजीनगर येथे महानिर्मिती कंपनीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१३ मध्ये सुरू झाला. कोळसा, वारा आणि ऊन ही आजच्या वीजव्यवस्थेची तीनही प्रमुख साधने अशी थोड्या टापूत एकत्र आली आहेत. तरीही याच टापूतील पाचोरा तालुक्यातल्या एखाद्या शेतकऱ्याला विचारावे, की आज पंपाला वीज किती वाजता येईल आणि आली तर सलग किती वेळ टिकेल, तर 'येईल तेव्हा खरी' यापलीकडे तो काही सांगू शकत नाही. विहिरीत पाणी असते, मोटर धड असते, कपाशीला किंवा गव्हाला पाण्याची पाळी देण्याचा दिवस उलटत असतो. नसतो तो फक्त भरवसा.

या स्थितीला सर्रास 'विजेचा तुटवडा' असे म्हटले जाते. परंतु तुटवडा आणि अनिश्चितता या दोन वेगळ्या आपत्ती आहेत. तुटवडा ठाऊक असला, तर माणूस त्याच्याशी जमवून घेतो. आठच तास वीज मिळणार हे पक्के असले, तर आठ तासांत किती सऱ्या भिजतील याचा हिशेब करून पीक घेतो. अनिश्चिततेशी मात्र असे जमवून घेता येत नाही. आठ तासांचे आश्वासन असते, त्यातले किती तास हाती पडतील ते कोणीच सांगत नाही. म्हणून रात्रभर जागे राहावे लागते, मजूर सांगून ठेवावा लागतो आणि वीज न आल्यास त्याची मजुरी वाया जाते. तुटवड्याने उत्पन्न घटते. अनिश्चिततेने उत्पन्नाबरोबर माणसाचे नियोजनच मोडते. वीजव्यवस्थेतील अनिश्चितता आणि विश्वासार्हता हा जगभरच्या विद्यापीठांत गेली पाऊणशे वर्षे अभ्यासाचा विषय आहे. त्या अभ्यासाने पुष्कळ साधले आहे. परंतु त्याचा हिशेब बहुधा वीजनिर्मिती केंद्राच्या बाजूने मांडला जातो आणि पाचोऱ्याच्या शिवारातील शेवटच्या खांबापर्यंत तो क्वचितच पोहोचतो. प्रश्नाचे मूळ येथेच आहे.

बेरजेकडून संभाव्यतेकडे

विजेचा स्वभाव इतर मालाहून निराळा आहे. धान्य कोठारात ठेवता येते, पाणी धरणात अडवता येते. वीज मात्र मोठ्या प्रमाणावर साठवणे आजही महाग आहे आणि म्हणून ज्या क्षणी मागणी होते, त्याच क्षणी ती निर्माण करावी लागते. देशभरच्या जाळ्याचा ठोका सेकंदाला पन्नास आवर्तनांचा आहे. मागणी वाढली, की हा ठोका मंदावतो; पुरवठा वाढला, की तो जलद होतो. ४९.९० ते ५०.०५ आवर्तने एवढ्या अरुंद पट्ट्यात त्याला राखावे, असा भारतीय ग्रिडचा दंडक आहे. रायचूर ते सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी ३१ डिसेंबर २०१३ रोजी जोडली गेली, दक्षिणेचे जाळे उर्वरित देशाला मिळाले आणि सारा देश एका ठोक्यावर चालू लागला. पाचोऱ्यातील एखाद्या शाळेच्या भिंतीवरील प्लगमध्ये आणि गुवाहाटीच्या कार्यालयातील प्लगमध्ये त्या क्षणी एकच आवर्तनसंख्या असते.

एवढा नाजूक तोल राखायचा, तर किती क्षमता राखीव ठेवावी? जुन्या काळी अभियंते साधी बेरीज-वजाबाकी करीत : सर्वोच्च मागणीवर शेकडा काही टक्के जादा, किंवा सर्वांत मोठा संच बंद पडला तरी भागेल एवढी राखीव. या ठोकताळ्याऐवजी संभाव्यतेचे गणित वापरावे, असे १९४७ मध्ये अमेरिकेत कॅलाब्रेझ या अभियंत्याने आपल्या निबंधात सुचवले. कल्पना सोपी आहे. समजा, एखाद्या केंद्रात ५०० मेगावॉटचे दोन संच आहेत आणि प्रत्येक संच शंभर तासांपैकी पाच तास बिघाडाने बंद असतो. दोन्ही संच एकाच वेळी बंद असण्याची शक्यता चारशेत एक, म्हणजे वर्षात सुमारे बावीस तास. दोहोंपैकी एकच बंद असण्याचे तास मात्र वर्षात आठशेहून अधिक भरतात. अशा प्रत्येक संचाचा हिशेब एकत्र केला आणि तो ताशी मागणीशी ताडून पाहिला, की वर्षातील किती तास मागणी अपुरी पडेल याचा अंदाज येतो. अमेरिकेत यातूनच 'दहा वर्षांत एक दिवस' हा प्रसिद्ध दंडक रूढ झाला : वीज कमी पडण्याचा प्रसंग दहा वर्षांत सरासरीने एका दिवसापेक्षा जास्त येऊ नये.

पुढे कॅनडातील सॅस्कॅचेवान विद्यापीठात रॉय बिलिंटन आणि मँचेस्टरमध्ये रोनाल्ड ॲलन यांनी या शास्त्राला शिस्त लावली. १९८४ साली निघालेला त्यांचा संयुक्त ग्रंथ जगभरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून शिकवला गेला. निरनिराळ्या पद्धतींची तुलना करता यावी म्हणून १९७९ मध्ये अमेरिकेतील विद्युत अभियंत्यांच्या संस्थेने एक काल्पनिक वीजजाळे कागदावर रचले. त्यात चोवीस केंद्रबिंदू, बत्तीस निर्मितीसंच आणि २,८५० मेगावॉटची सर्वोच्च मागणी आहे. अनेक दशके संशोधक आपापली समीकरणे याच जाळ्यावर पारखून घेत आले. या जाळ्यातील सर्वोच्च मागणी वर्षाच्या ५१ व्या आठवड्यात, म्हणजे ऐन नाताळाच्या थंडीत येते. हे स्वाभाविकच आहे, कारण ते जाळे थंड मुलखातील अभियंत्यांनी रचले. पण त्यात मे महिन्यातील जळगावचा उन्हाळा नाही, रब्बीतील पाण्याच्या पाळ्या नाहीत आणि दिवसातून आठच तास चालणारी कृषिवाहिनी तर नाहीच नाही. जे शास्त्र अशा नमुन्यावर वाढले, त्याला शेवटचा खांब दिसला नाही, यात नवल नाही. ते शास्त्र आपल्या मातीत आणताना खांब त्यात घालण्याचे काम आपले होते.

संकटे जोडीने येतात

संभाव्यतेच्या या गणितात एक गृहीत दडलेले असते : एका संचाचा बिघाड दुसऱ्याच्या बिघाडापासून स्वतंत्र असतो. शंभरात पाच गुणिले शंभरात पाच, असा गुणाकार तेव्हाच करता येतो. महाराष्ट्राने मात्र या गृहीताला वारंवार तडा गेलेला पाहिला आहे. मराठवाड्यातील परळी औष्णिक केंद्र २०१३ च्या दुष्काळात बंद ठेवावे लागले आणि २०१५ मध्ये पुन्हा तीच वेळ आली. संच मोडले नव्हते. थंड करायला पाणी नव्हते. पाणी नसले, की एक संच बंद पडतो आणि दुसरा चालतो असे होत नाही. सारेच एकदम थांबतात. आणि ज्या वर्षी परळीला पाणी नसते, त्याच वर्षी जलविद्युत केंद्रांच्या जलाशयांतही ते बेताचे असते आणि त्याच वर्षी शेतकऱ्याला खोल गेलेल्या विहिरीतून जास्त वेळ उपसा करावा लागतो. पुरवठा घटणे आणि मागणी वाढणे ही एकाच कारणाची दोन अपत्ये ठरतात. ऑगस्ट २०२३ हा देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला आणि लगोलग, १ सप्टेंबर २०२३ रोजी देशाची विजेची मागणी २ लाख ४३ हजार मेगावॉटवर गेली. पावसाने दिलेली ओढ आणि मागणीचा हा उच्चांक यांची सांगड योगायोगाची नव्हती.

एका ठिकाणचा लहानसा बिघाड दूरवर कसा पसरतो, हे देशाने ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी अनुभवले. बिना-ग्वाल्हेर वाहिनी तुटल्याचे निमित्त झाले आणि पहिल्या दिवशी उत्तरेचे, तर दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तीन जाळी कोसळली. सुमारे बासष्ट कोटी लोकवस्तीच्या प्रदेशाला त्याची झळ लागली. पश्चिमेचे जाळे, आणि त्यासोबत महाराष्ट्र, त्या दोन्ही दिवशी तगला. पुढे १२ ऑक्टोबर २०२० रोजी मात्र मुंबईची पाळी आली. बाहेरचे जाळे ढासळले तर महानगराला अलग काढून त्याचा पुरवठा चालू ठेवण्याची जी योजना होती, तीच ऐन वेळी निकामी ठरली. या प्रसंगांच्या चौकश्या झाल्या, अहवाल निघाले, वृत्तपत्रांचे रकाने भरले. आणि ते योग्यच होते. परंतु मुंबईतील काही तासांचा अंधार ही राष्ट्रीय बातमी ठरते आणि एखाद्या कृषिवाहिनीवरील आठवड्याचा अंधार जिल्हावार्तेतही बसत नाही, तेव्हा विश्वासार्हता हा शब्द सर्वांसाठी एकाच अर्थाने वापरला जात नाही, हे उघड होते.

आता वारा आणि ऊन यांची भर पडली आहे. कोळशाचा संच चालेल की बंद पडेल, एवढाच पूर्वी प्रश्न होता. पवनचक्की आणि सौरपट्टी यांच्याबाबतीत 'किती चालेल' हाही प्रश्न आहे. साक्रीचा वारा पावसाळ्यात जोरात असतो, तेव्हा शेतीला पाणी नको असते. दिवाळीनंतर पंप सुरू होतात, तेव्हा वारा पडलेला असतो. ऊन दिवसभर असते, पण शहरांची मागणी सूर्य मावळताना उसळी घेते. म्हणून आजचे संशोधन वाऱ्याच्या व ढगांच्या अंदाजाकडे, साठवणुकीकडे आणि मागणीच वळवण्याच्या उपायांकडे झुकले आहे. ही दिशा बरोबर आहे. प्रश्न एवढाच, की वाढत जाणारी ही अनिश्चितता शेवटी कोणाच्या माथी बसणार?

सरासरीत हरवलेले तास

या प्रश्नाचे उत्तर कायद्याच्या शब्दांत सापडते. देशातील वीजनियोजनासाठी केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने धरलेला निकष असा, की मागणी अपुरी पडण्याची संभाव्यता शेकडा ०.२ हून अधिक नसावी. वर्षाचे ८,७६० तास धरले, तर हे साडेसतरा तास होतात. आकडा अभिमान वाटावा असा आहे. त्याच्या शेजारी दुसरा हिशेब ठेवून पाहावा. महाराष्ट्रात कृषिपंपांना आळीपाळीने दिवसा आठ किंवा रात्री दहा तास तीन-फेज वीज देण्याची पद्धत दीर्घकाळ चालत आली आहे. दिवसाचे आठ तास धरले, तर उरलेले सोळा तास, म्हणजे वर्षाला ५,८४० तास पंपाला वीज नसते. एका हिशेबात साडेसतरा तास आणि दुसऱ्यात ५,८४०! दोन्ही आकडे एकाच जाळ्याचे आहेत आणि दोन्ही खरे आहेत. कारण जी वीज द्यायचीच नाही असे आधी ठरले, ती 'मागणी' म्हणून मोजलीच जात नाही.

केंद्र सरकारच्या २०२० च्या वीजग्राहक हक्क नियमांत हीच रीत कायद्याच्या भाषेत उतरली आहे. वितरण कंपनीने सर्व ग्राहकांना चोवीस तास वीज द्यावी, असे नियम सांगतो आणि लगेच पुढच्या वाक्यात, शेतीसारख्या काही वर्गांसाठी आयोग कमी तास ठरवू शकेल, अशी मुभा देतो. पुरवठा किती वेळा आणि किती वेळ खंडित झाला, हे मोजण्याचे निर्देशांकही त्याच नियमांत आहेत. परंतु वेळापत्रकातला अंधार खंडिततेत धरायचा नाही, आणि वेळापत्रकातल्या आठ तासांपैकी प्रत्यक्षात किती तास मिळाले याची वाहिनीवार नोंद ग्राहकासमोर मांडायची नाही, असे झाले म्हणजे निर्देशांक सुधारलेला दिसतो आणि पीक मात्र सुकते.

दोन निराळ्या भरवशांचे चित्र पाचोऱ्यात अगदी शेजारी-शेजारी दिसते. गावातून भुसावळ-मनमाड लोहमार्ग जातो. रुळांवरील २५ हजार व्होल्टच्या तारेत वीज नाही म्हणून गाडी तासन् तास खोळंबली, असे क्वचितच घडते. कारण त्या तारेला वीज देणारे एखादे उपकेंद्र बंद पडले, तर शेजारच्या उपकेंद्राने भार उचलावा, ही सोय आखणीतच केलेली असते. रुळांपासून हाकेच्या अंतरावर ११ हजार व्होल्टची कृषिवाहिनी असते. तिला दुसरीकडून आधार नसतो; एक खांब वाकला, एक फांदी पडली, की पुढचे सारे शिवार बंद. दोन्हीकडे तार तीच, तांत्रिक ज्ञान तेच. फरक आहे तो, कोणाच्या खोळंब्याची किंमत धरायची आणि कोणाच्या खोळंब्याची धरायची नाही, या निर्णयाचा.

अविश्वासाचे दुष्टचक्र

अनिश्चितता केवळ सोसली जात नाही. ती आणखी अनिश्चितता जन्माला घालते. वीज केव्हा येईल हे ठाऊक नसल्याने शेतकरी पंपाला 'ऑटो' बसवतो, म्हणजे वीज आली की मोटर आपोआप सुरू होते. एकट्याच्या दृष्टीने हे शहाणपणाचे आहे. मध्यरात्री साप-विंचवाच्या आणि बिबट्याच्या भयात बांधावरून चालत जाणे त्याने टाळले, तर त्याला कोण दोष देईल? पण एका डी. पी. वरील सर्वांनी तेच केले म्हणजे काय होते? समजा, ६३ के. व्ही. ए. च्या रोहित्रावर पाच अश्वशक्तीचे पंधरा पंप आहेत. त्यांतले दहा-अकरा एका वेळी चालले, तर रोहित्र तग धरते. वीज येताच पंधराही मोटरी एकाच क्षणी सुरू झाल्या, तर चालू होतानाचा त्यांचा प्रवाह नेहमीच्या पाच-सहा पट असतो. व्होल्टेज कोसळते, मोटरी गुरगुरतात पण फिरत नाहीत, वाइंडिंग तापते, फ्यूज उडतो आणि वारंवार असे झाले की रोहित्रच जळते. मग वायरमनची वाट, वर्गणीची खटपट, रोहित्र दुरुस्त होऊन येईपर्यंतचे दिवस. आणि तोवर शेजारच्या डी. पी. वर आकडे पडून तीही धोक्यात.

अभियांत्रिकीच्या पुस्तकांत याला सोपे नाव आहे : भारांची विविधता. सर्व ग्राहक एकाच वेळी सर्व उपकरणे लावत नाहीत, या भरवशावरच प्रत्येक रोहित्राची क्षमता ठरते. पुरवठ्यावरचा विश्वास उडाला, की ही विविधता नाहीशी होते आणि सारे एकदम विजेवर तुटून पडतात. टंचाईच्या दिवसांत रॉकेलच्या दुकानापुढे रांग लागावी, तसेच हे आहे. माल पुरेसा असला, तरी भरवसा नसल्याने रांग लांबते. म्हणजे शेवटच्या खांबावरची अविश्वासार्हता ही साधनांच्या कमतरतेइतकीच अविश्वासातून उपजलेली असते. निर्मितीसंचांची संख्या कितीही वाढवली, तरी ती त्या उपायाने जाणार नाही.

या दुष्टचक्राची झळ शेतकऱ्यापुरती नाही. शेतातील वस्त्यांवर राहणाऱ्या कुटुंबांचे दिवे पुष्कळदा याच वाहिन्यांवर असतात; तेथील विद्यार्थ्याच्या अभ्यासाचे तास वाहिनीच्या वेळापत्रकाने ठरतात. गावातील शिक्षकाला संगणकाचा तास कोणत्या दिवशी घ्यावा हे सांगता येत नाही. तहसील कचेरीतील किंवा पतपेढीतील कारकुनाचा 'सर्व्हर' वीज गेली की बसतो आणि दाखल्यासाठी आलेला माणूस दुसऱ्या दिवशीची एस. टी. धरतो. यांतला एकही तास कोणत्याही निर्देशांकात शिरत नाही.

कंपनीची बाजू

वितरण कंपनीची बाजूही नीट ऐकली पाहिजे. राज्यातील सारे पंप एकाच वेळी चालू झाले, तर कोणतेही जाळे तग धरणार नाही. म्हणून पाळ्या लावणे भाग आहे. कृषिग्राहकांची थकबाकी मोठी आहे, लक्षावधी पंपांना मीटर नाहीत, वापर अंदाजाने धरावा लागतो आणि गळती कोठे संपते व चोरी कोठे सुरू होते ते सांगता येत नाही. वीज मंडळाचे विभाजन ६ जून २००५ रोजी झाले. त्यानंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत वाहिन्यांची गळती आणि वसुली पाहून भारनियमनाचे तास ठरवले गेले, ते याच अडचणीतून. आणि २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना राज्य सरकारने वीज मोफत केली आहे. धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत, अशी म्हण आहेच.

या युक्तिवादातील तथ्य मान्य करूनही तो अपुरा आहे. पाळ्या लावणे हे रेशनिंग आहे, आणि रेशनिंगला कोणी समंजस माणूस हरकत घेणार नाही. पण रेशन ठरवून दिल्यावर ते मापात आणि वेळेवर मिळाले पाहिजे. शिधापत्रिकेवर पाच किलो लिहून तीन किलो हाती द्यायचे आणि दोन किलोंची नोंदच ठेवायची नाही, याला रेशनिंग म्हणत नाहीत. गळतीवरून भारनियमन ठरवण्यात तर बिल भरणाराही शेजाऱ्याच्या चोरीची शिक्षा भोगत होता. मोफत विजेचे म्हणावे, तर तिचे पैसे कंपनीला सरकारी तिजोरीतून मिळतात. म्हणजे ती करदात्याने विकत घेतलेली वीज आहे, धर्माची गाय नव्हे. उलट, फुकट दिली म्हणून दर्जा विचारायचा नाही, ही समजूत रूढ झाली, तर मोफत योजनेने शेतकऱ्याचा सर्वांत मोठा हक्क, म्हणजे जाब विचारण्याचा हक्क, अलगद काढून घेतला असे होईल.

शिवाय शेतीपंप हे जाळ्यावरचे ओझे आहे, हे अर्धेच सत्य आहे. विजेहून पाणी साठवणे सोपे. विहीर, शेततळे आणि खुद्द जमिनीतली ओल ही शेतकऱ्याची साठवण आहे. रुग्णालयाला किंवा रेल्वेला वीज क्षणभर थांबवता येत नाही. पाण्याची पाळी मात्र चार तास पुढे-मागे करता येते. ढगाळ दिवशी सौरवीज घटते, तेव्हा पिकाची तहानही घटते. कडक उन्हात तहान वाढते, तेव्हा सौरवीजही भरपूर असते. संकटे जोडीने येतात हे वर पाहिले. येथे मात्र पुरवठा आणि गरज एकमेकींना सावरून घेतात. मुख्यमंत्री सौर कृषिवाहिनी योजना २०१७ मध्ये निघाली आणि २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा जाहीर झाला, तो शेतीला दिवसा वीज देण्याच्या याच कल्पनेवर. कल्पना उत्तम आहे. पण उद्योगाने आपली मागणी सोयीच्या वेळी वळवली, तर त्याला दरात सवलत मिळते. शेतकरी पिढ्यान् पिढ्या आपली मागणी मध्यरात्रीकडे वळवून सबंध जाळ्याचा तोल सावरत आला, त्याला काय मिळाले? जाळ्याची अनिश्चितता जो अंगावर घेतो, तो जाळ्याची सेवा करतो. त्या सेवेचा मोबदला निदान ठरलेल्या तासांच्या पक्क्या हमीच्या रूपाने तरी त्याला मिळायला हवा.

आधी मोजमाप

जे मोजले जात नाही, त्याची जबाबदारी कोणावर पडत नाही. म्हणून पहिले पाऊल मोजमापाचे आहे. ते खर्चिक नाही आणि त्याचे धडे महाराष्ट्रातच गिरवले गेले आहेत. पुण्याच्या 'प्रयास' संस्थेने काही वर्षे देशातील अनेक गावांत आणि शहरांत साध्या प्लगला जोडायची छोटी यंत्रे बसवून दर मिनिटाचे व्होल्टेज नोंदवले आणि त्या नोंदी सर्वांना खुल्या केल्या. मुंबईच्या आय. आय. टी. तील संशोधकांनी निरनिराळ्या शिक्षणसंस्थांतील घरगुती प्लगमधूनच देशाच्या जाळ्याचा ठोका मोजणारी यंत्रणा उभारली. जळगावला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आहे. खानदेशात तंत्रनिकेतने आणि विज्ञानाच्या शाखा असलेली महाविद्यालयेही आहेत. अंतिम वर्षाचे विद्यार्थी दरवर्षी प्रकल्प करतात आणि त्यांतले कित्येक परदेशी ग्रंथांतील चोवीस बिंदूंच्या काल्पनिक जाळ्यावर बेतलेले असतात. त्याऐवजी पाचोरा तालुक्यातील एखादी कृषिवाहिनी घ्यावी. उपकेंद्राजवळचा पहिला खांब, मधला खांब आणि शेवटचा खांब येथे यंत्रे लावावीत. आणि वर्षभर नोंद ठेवावी : आश्वासनाचे तास किती, प्रत्यक्षातले किती, त्यांतले योग्य व्होल्टेजचे किती, सलग किती, रोहित्र किती वेळा जळले आणि किती तासांनी बदलले. ग्रंथांतील समीकरणे चुकीची नाहीत. त्यांत घालायचे आकडे आपल्या मातीतले हवेत.

दुसरे पाऊल वीज नियामक आयोगाचे आहे. २००३ च्या विद्युत कायद्याच्या ५७ व्या कलमाने सेवेचे मानदंड ठरवण्याचा आणि ते मोडल्यास ग्राहकाला भरपाई देवविण्याचा अधिकार आयोगाला दिला आहे. ग्रामीण भागात जळालेले रोहित्र ४८ तासांत बदलावे, असा मानदंड आयोगाने घालूनही दिला होता. त्याच अधिकारात, कृषिवाहिनीवरील ठरलेल्या तासांपैकी न मिळालेला प्रत्येक तास खंडिततेत धरावा, त्याचा आकडा वाहिनीवार दरमहा प्रसिद्ध करावा आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा, असा दंडक करता येईल. चोवीस तासांचे स्वप्न दाखवण्यापेक्षा आठ तासांचा शब्द पाळणे अधिक प्रामाणिक आणि, आजच्या सौरवाहिन्यांच्या काळात, अधिक शक्यही आहे.

वारा पडेल, ढग येतील, संच बंद पडतील, पावसाळा हुलकावणी देईल. अनिश्चितता कोणत्याही शास्त्राने नाहीशी होणार नाही. तिचे माप घेणे आणि तिचे ओझे न्यायाने वाटणे, एवढेच माणसाच्या हाती आहे. पहिले काम संशोधनाचे, दुसरे राज्यकर्त्यांचे. आजवर हे ओझे ज्याला 'नाही' म्हणता येत नाही त्याच्या खांद्यावर टाकले गेले आणि मग सरासरी काढून व्यवस्था विश्वासार्ह ठरवली गेली. साखळीची ताकद तिच्या सर्वांत दुबळ्या कडीवरून ठरते, तसाच विजेचा भरवसा शेवटच्या खांबावरून ठरला पाहिजे. दीपनगरच्या धुराड्यापाशी किंवा मुंबईच्या नियंत्रण कक्षात तो कितीही उंच दिसला, तरी पाचोऱ्याच्या शिवारात तो मोजून पाहिल्याशिवाय खरा मानता येणार नाही.